सपाट कागदावरची खोली

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या सामानाच्या खोलीची झाडलोट निघाली, तेव्हा बांबूला गुंडाळलेला एक जुना पडदा हाती लागला. उलगडून पाहतो तो जुन्या पुण्यातील एक बोळ! दोन्ही बाजूंस कौलारू घरे, ओटे, खिडक्यांचे गज, आणि टोकाला देवळाचा कळस. सुमारे तीस वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील नाटकासाठी हा पडदा आम्ही चौघांनी रंगविला होता. आम्ही त्या वेळी या शहरात नव्यानेच बदलून आलो होतो आणि शाळेत असताना चित्रकलेच्या दोन ग्रेड परीक्षा दिल्या आहेत, असे बोलून बसलो होतो. इंटरमीजिएटला आम्हांस क श्रेणी मिळाली होती, एवढे मात्र सांगितले नव्हते.

तालमीच्या वेळी पडदा प्रथम टांगला आणि मंडळी गप्प झाली. आमचा बोळ उजवीकडे घसरत होता. एका बाजूच्या घरांच्या रेषा एका उंचीवर जाऊन मिळत होत्या, दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्याच. त्यातच नायक चालत चालत पडद्याजवळ गेला आणि त्याचे डोके दूरच्या घराच्या माडीला लागले. पुढच्या रांगेतील एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, हा राक्षस की काय?" दुसरे एक वयस्क सभासद, ज्यांच्याविषयी आम्हांस आदर होता, ते म्हणाले, "सोडून द्या हो. यथार्थदर्शन ही साहेबाची विद्या. आपल्या हातात ती मुळात नाहीच."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. प्रस्तुत लेख हे त्या वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

त्या रात्री आमची अब्रू वाचविली ती मंडळाच्या एका सभासदाने. हे गृहस्थ निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मितभाषी, आणि आम्ही त्यांना पडद्याबाबत विचारण्याची तसदीही घेतली नव्हती. ते म्हणाले, "राव, एक खिळा आणि दोरी आणा." पडद्याच्या मधोमध, रंगमंचावर उभ्या नटाच्या खांद्याच्या उंचीवर त्यांनी खिळा ठोकला, दोरीला खडू लावला आणि एकेका घरावर सूत मारण्यास आम्हांस सांगितले. खिडकीची चौकट, ओट्याची कड, कौलांची ओळ, सर्व रेषा त्या एका खिळ्याकडे. रेष चुकली की ते स्वतः पुसत नसत. "आता मागे जाऊन बघा," एवढेच म्हणत. आम्ही प्रेक्षकांच्या खुर्च्यांपर्यंत जायचे, बघायचे, परत यायचे. पहाटेपर्यंत किती खेपा झाल्या असतील देव जाणे. नायकासाठी त्यांनी पडद्यासमोर एक बुटका कठडा ठेवविला, म्हणजे तो मागे जाऊच शकणार नाही.

आता त्या वाक्याकडे वळू. 'साहेबाची विद्या' म्हणावी, तर साहेबाच्या घरीही ती जन्मजात नव्हती. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने आरशाच्या साहाय्याने एका इमारतीचे चित्र आणि ती इमारत यांचा मेळ घालून दाखविला, आणि १४३५ मध्ये आल्बेर्ती याने त्याचे नियम ग्रंथबद्ध केले. चित्रकार आणि दृश्य यांच्यामध्ये चौकटीवर ताणलेल्या सुतांचा विरळ पडदा धरावा आणि चौकोनाचौकोनाने दृश्य कागदावर उतरवावे, अशी युक्तीही त्याने सांगितली. ज्याला उपजत दिसते त्याला अशी जाळी कशाला लागेल? त्यापूर्वीची शेकडो वर्षे युरोपातील चित्रकारही घरे वाकडी आणि माणसे माडीएवढी काढीत होते, आणि त्यांच्या भक्तांचे त्यावाचून काही अडत नव्हते.

आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात शरीराची नऊ स्थाने सांगितली आहेत. समोरून, किंचित वळलेले, बाजूने, पाठमोरे अशी. त्या त्या स्थितीत अवयवांचा कोणता भाग आकसतो आणि कोणता वाढतो याला तेथे 'क्षयवृद्धी' असे नेमके नाव आहे. उंचसखल भाग वेगळे दाखविता येणे हे जाणत्या चित्रकाराचे लक्षण मानले आहे आणि छायेसाठी 'वर्तना' हा शब्द आहे. म्हणजे सपाट भिंतीवर गोलाई आणण्याचा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला होता आणि त्यांनी तो सोडविलाही होता. त्यांनी सोडविला नाही तो एकाच डोळ्याचा, एकाच जागी खिळलेल्या प्रेक्षकाचा प्रश्न. बहुधा त्यांना तो पडलाच नाही, कारण लेण्यातला प्रेक्षक चालत असतो.

पुढे १५८० मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी पोचले. त्यांनी नजर केलेल्या बायबलात युरोपीय कोरीव चित्रे होती. मोगल चित्रकारांनी त्यांतून दूरची धूसर शहरे, वस्त्रांच्या चुण्यांतील छाया हे सारे उचलले आणि जे नको ते सोडून दिले. दरबाराचे चित्र काढताना सिंहासन समोरून आणि गालिचा वरून दाखविण्याची आपली रीत त्यांनी मोडली नाही. ही निवड होती. तिला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

मराठी माणसाच्या हाती ही विद्या पद्धतशीरपणे आली ती पेशवाईच्या उत्तरार्धात, आणि आली ती एका तांबटाच्या हाती. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार काम करीत असे. १७९० च्या सुमारास त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा काढला. पुढे वेरूळची लेणी काढली. मॅलेटने वेरूळचे वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनग्रंथात प्रसिद्ध केले, ते गंगारामाच्या रेखाटनांसह. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची प्रसिद्ध चित्रे त्याचीच. त्याच काळात शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली आणि गंगारामाला वेल्सचा सहवास घडला.

गंगारामाचे आडनाव आम्हांस फार बोलके वाटते. तांबटाच्या हाताला घनाकृती शिकवावी लागत नाही. पत्र्याच्या सपाट चकतीतून ठोकून ठोकून घागरीचा पोटगोल काढणे हाच त्याचा धंदा. आणि प्रत्येक ठोक्यानंतर भांडे फिरवून, बोट फिरवून, कुठे पोचा राहिला हे तो पाहतो. कागदावर मात्र हाताला काही लागत नाही. गोलाईचा भास केवळ डोळ्याने ताडावा लागतो. कैलास लेण्यासारखी वास्तू, जी बाहेरून कोरलेली, आत पोकळ आणि वर मोकळी, ती पाहताना या माणसाने पहिली रेष कोठे ओढली असेल? त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. वेल्स १७९५ मध्ये साष्टीतील लेण्यांचे काम करीत असता तापाने वारला. त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले आणि पुण्यातील तो लहानसा उद्योग विस्कटला.

यानंतरचा अध्याय मुंबईचा. मद्रास आणि कलकत्त्यापाठोपाठ १८५७ च्या मार्चमध्ये, सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून, मुंबईची कलाशाळा सुरू झाली. शिक्षणाचा साचा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. त्यात पायऱ्या ठरलेल्या होत्या: आधी छापील नमुन्यावरून रेषा, मग लाकडी ठोकळे, मग छायाप्रकाश, मग प्लॅस्टरचे अलंकार आणि पुतळे, आणि सर्वांत शेवटी जिवंत माणूस. पहिली पायरी पक्की झाल्यावाचून दुसरीवर पाय नाही. या साच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी खरी आहे. साचा रुक्ष होता. तथापि आमच्यासारख्या क श्रेणीवाल्याला त्यातील ठोकळ्यांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे.

नवशिक्याची चूक डोळ्याची नसते, ज्ञानाची असते. ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग चौरस आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून समोर दिसणारी अरुंद पट्टी तो फुगवून चौरसाजवळ नेतो. तांब्याचा किंवा पिंपाचा तळ सपाट टेबलावर टेकला आहे हे ठाऊक असते, म्हणून तळाची कड तो सरळ रेषेने काढतो. वास्तविक डोळ्यापासून जितके खाली जावे तितके वर्तुळ अधिक उघडे दिसते. तळाचे लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा अधिक गोल यावयास हवे. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना तो होडीसारखी टोके काढतो, कारण वळण कोठे संपते हे त्याला ठरवायचे असते, आणि वळण तर कोठेच संपत नाही. यावर उपाय एकच. हात ताठ धरावा, एक डोळा मिटावा, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यावे, कागदावर ताडून पाहावे, आणि आपल्याहून सरावलेल्या डोळ्याने चूक दाखवावी. मग पुन्हा काढावे. हे शंभरदा व्हावे लागते.

आमच्या शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांना आमची चूक सहन होत नसे. ते रबर घेत, आमची रेष पुसत आणि स्वतः देखणी रेष काढीत. कागद सुंदर होई, घरी कौतुक होई आणि परीक्षेच्या दालनात आम्ही घनभूमितीच्या प्रश्नापुढे एकटे बसून राहू. चूक दाखविणे आणि चूक पुसणे यांतील अंतर आम्हांस त्या पडद्याच्या रात्री प्रथम कळले.

मुंबईच्या त्या शाळेकडे राज्यकर्ते कोणत्या नजरेने पाहत होते, हेही नमूद करणे अवश्य आहे. सर रिचर्ड टेंपल हे १८७७ ते १८८० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १८८३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी अशा आशयाचे लिहिले की, वस्तू बिनचूक रेखाटणे ही एक गोष्ट हिंदी लोक आजवरच्या साऱ्या युगांत शिकले नाहीत. ती या कलाशाळा शिकवतील आणि त्यायोगे त्यांच्या मनाचे काही दोषही दुरुस्त होतील. आमच्या सभासदांचे वाक्य आले ते इथून! शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास करून, गव्हर्नरसाहेबांच्या लेखणीतून निघून, आमच्या तालमीच्या दालनात एका भल्या मराठी गृहस्थाच्या तोंडी येऊन बसलेले.

आणि मौज अशी की, टेंपलसाहेब हे लिहीत होते त्याच सुमारास त्याच शाळेचे विद्यार्थी अजिंठ्यास बसून हजारो वर्षांपूर्वीच्या हिंदी चित्रकारांकडून धडे घेत होते. जॉन ग्रिफिथ्स हा १८६५ मध्ये शाळेत आलेला शिक्षक. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडून, त्याने आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जगन्नाथ अनंत होते. ठोकळे, शंकू आणि पुतळे काढून तयार झालेले हे तरुण हात.

या तरुणांपुढे काय उभे ठाकले असेल याची कल्पना करून पाहावी. अजिंठ्याच्या भिंतीवर मंडप आहेत, खांब आहेत, खांबांच्या आत माणसे बसली आहेत. खोली आहे, पण तिच्या रेषा एका खिळ्याकडे जात नाहीत. डोंगराचे खडक म्हणजे चक्क ठोकळे, आणि ते मागे न जाता पाहणाऱ्याच्या अंगावर पुढे येतात. एका प्रसंगातून दुसरा प्रसंग चौकटीवाचून उगवतो. शरीराची गोलाई मात्र अशी की, नाकाच्या दांड्यावरील एका उजळ स्पर्शाने सारा चेहरा अंधारातून बाहेर यावा. विद्यार्थ्यांनी शाळेत जे शिकले ते येथे निम्मे उपयोगी आणि निम्मे अडचणीचे. आमचा तर्क असा की, पहिल्या हिवाळ्यात एखाद्याने तरी मंडपाचा खांब 'दुरुस्त' केलाच असेल. प्रतिकृतीत दुरुस्तीला जागा नसते. शेजारी भिंतच उभी असते आणि चूक तीच दाखविते. तिच्याहून मितभाषी मास्तर कोठला?

ग्रिफिथ्सवरही या भिंतींचा परिणाम झाला. सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्येच्या चित्राविषयी लिहिताना त्याने फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या चित्रकारांशी तुलना केली आणि भावदर्शनात अजिंठ्याचा चित्रकार कोणाला हार जाणारा नाही असा निर्वाळा दिला. ब्रुनेलेस्कीच्या गावाची साक्ष काढून दिलेला हा निकाल १८९६ मध्ये छापून निघालेल्या त्याच्या भव्य ग्रंथात आहे. दुर्दैव असे की, लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. शिवाय भिंतींवर त्या काळी चढविलेल्या व्हार्निशने मूळ चित्रांचे नुकसानच झाले. इतक्या हिवाळ्यांच्या मेहनतीची अशी वाट लागावी, हे वाचून आम्हांस चार दिवस चैन पडले नव्हते.

या शाळेने दिलेल्या शिक्षणाचे मराठी फळ पाहावयाचे तर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव घ्यावे लागते. जन्म १८६७, कोल्हापूर. १८९० मध्ये ते शाळेत दाखल झाले, १८९५ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळविणारे पहिले हिंदी चित्रकार ठरले, १८९६ मध्ये तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आठवणींचे पुस्तक. त्यांच्या चित्रांतील गर्दी पाहावी. लग्नाचा मांडव असो की स्वारी असो, शेवटच्या रांगेतील माणसाचे पाय जमिनीवर नेमके जेथे टेकायला हवेत तेथेच टेकलेले असतात. आमच्या नायकाचे पाय टेकले नव्हते ते याच कारणाने, की जमीन म्हणजे काय हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

मध्यंतरी बारा वर्षे आम्ही दिल्लीस होतो. कामानिमित्त हर्बर्ट बेकरने बांधलेल्या सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये जावे लागे. तेथील एका समितिकक्षाच्या घुमटाखाली बैठका चालत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस, ग्लॅडस्टन सॉलोमन हे संचालक असताना, मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी येथे चित्रे काढली आहेत. धुरंधरांनीही या सचिवालयासाठी भित्तिचित्रे केली. बैठकीत सांख्यिकीचे तक्ते वाचले जात असता आमची मान वर जाई. वक्र पृष्ठभागावर सरळ बसलेली आकृती काढणे म्हणजे किती हिशेब! भिंतीवर जे बरोबर दिसते ते तेथे वाकडे दिसते. म्हणून मुद्दाम वाकडे काढावे लागते, तेव्हा खालून पाहणाऱ्याला ते सरळ दिसते. एकदा शेजारच्या अधिकाऱ्याने विचारलेही, "काय पाहता आहात?" आम्ही म्हणालो, "आमच्याकडच्या मुलांचा गृहपाठ." त्यांना ते कळले नाही, आणि अध्यक्ष आमच्याकडे पाहू लागले.

पण यथार्थदर्शन मराठी घराघरांत पोचले ते कलाशाळेतून किंवा सचिवालयातून नव्हे. ते पोचले संगीत नाटकाच्या पडद्यांवरून. दरबाराचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा! ज्यांनी जन्मात ठोकळा काढला नाही अशा हजारो प्रेक्षकांनी, खांबांच्या रांगा लहान लहान होत दूर जातात आणि तरी तो राजवाडाच असतो, ही गोष्ट रात्र रात्र जागून मान्य केली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, ज्यांना महाराष्ट्र 'पेंटर' या नावाने ओळखतो, यांनी असे पडदे रंगविले. कोणत्याही कलाशाळेत न गेलेले हे हात. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट काढला आणि पडद्यावरची खोली कॅमेऱ्याच्या डोळ्यात नेली. नाटकाच्या पडद्याची एक गंमत अशी की, त्यातील रेषा अगदी बरोबर दिसतात त्या एकाच खुर्चीवरून. बाकीचे सारे थोडे थोडे चुकीचे पाहतात आणि सांभाळून घेतात.

आमच्या मास्तरांनी त्या रात्रीनंतर दर रविवारी सकाळी मंडळात मुलांचा वर्ग सुरू केला. मानधन घेतले नाही. एक लाकडी ठोकळा, एक पितळी तांब्या आणि एक विटेचा तुकडा एवढेच त्यांचे साहित्य. त्या गृहस्थांनी आमच्या आदरणीय सभासदांच्या वाक्याला कधी उत्तर दिले नाही. त्यांच्या नातवाला मात्र तीन वर्षे शिकविले. आम्ही दिल्लीहून परत येण्यापूर्वीच मास्तर गेले. वर्ग चालू आहे. आता तो दोन तरुण मुली घेतात.

परवा पडदा उलगडला तेव्हा रविवारच असल्याने वर्गातील मुले भोवती जमली. रंग पुष्कळ उडाले आहेत आणि खालून आमच्या कोळशाच्या मूळ, घसरणाऱ्या रेषा पुन्हा वर आल्या आहेत. खिळ्याचे भोक तर स्पष्ट दिसते. आम्ही विचारले, "यातल्या चुकलेल्या रेषा कोणत्या?" मोठी मुले कुजबुजू लागली. आठएक वर्षांची एक मुलगी मात्र काही न बोलता मागे गेली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, एक डोळा मिटला आणि पेन्सिल धरलेला हात पुढे केला. कोपर वाकलेले होते. आम्ही तिला म्हटले, "बाळ, हात ताठ." तिने ताठ केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हा."